जपानप्पाकडे आलेला पाहुणा

सोमवारी संग्रहालय बंद आणि देव चालू, ही तडजोड घरात होऊन बरीच वर्षं झाली होती. आणि ओगिनोसाहेबानं यायला नेमका सोमवार निवडला.

त्याचा तरी काय दोष? रेल्वेचा संप चालू होता. गिरणीत बसवायच्या जपानी मागांचे उरलेले खोके कुर्डुवाडीच्या यार्डात ऊन खात पडले होते, आणि ते बसवायला आलेला माणूस सोलापुरात गिरणीच्या बंगल्यावर ऊन खात पडला होता. मे महिन्यातल्या सोलापुरात परक्या माणसाला सगळे वार सारखेच भाजतात.

"सोमवारी न्हाय म्हंजे न्हाय," गुरम्मा दर्शनी खोलीच्या उंबऱ्यात बसून म्हणाली. "देवाच्या दिवशी प्रदर्शन न्हाय."

"आत्या, तो माणूस जपानहून आलाय," बसलिंगप्पा म्हणाला.

"मग? जपानप्पा पन जपानहूनच आलाय. त्यो आदी आलाय."

बसलिंगप्पा हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. यावर विज्ञानाकडे उत्तर नव्हतं.

भांडण होतं ते भिंतीवर दोन खिळ्यांना लटकलेल्या एका पत्र्यावरून. विमानाच्या शेपटाचा पत्रा. अप्पांनी, म्हणजे चनमल्लप्पांनी, लढाईच्या काळात ब्रह्मदेशातून आणलेला. अप्पा पलटणीत खेचरं हाकायला होते. पत्रा आधी खेचरावरून आला, मग बोटीतून, मग आगगाडीतून. कुर्डुवाडीला तिकीट तपासनिसानं विचारलं, "हे काय?" अप्पा म्हणाले, "विमान." "विमानाचा दर आमच्या पुस्तकात नाही," असं म्हणून त्यानं डबा सोडून दिला.

हे विमान अप्पांनी पाडलं, असं सोलापूरच्या बाळीवेशीतलं शेंबडं पोरही सांगे. अप्पा स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत. ते म्हणत, "त्या दिवशी दोनशे बंदुका वर तोंड करून हुत्या." म्हणजे आज हिंदुस्थानात दोनशे घरांनी ते विमान पाडलेलं असणार. पण पत्रा एकाच घरात होता, आणि इतिहास नेहमी पत्र्याच्या बाजूनं असतो.

त्या पत्र्याचे घरात तीन वाटे पडले होते. अप्पांच्या थोरल्या बहिणीनं, गुरम्मानं, तो आल्या दिवसापासून त्याची गद्दुगी, म्हणजे देवाची बैठक, मांडली होती. विमानातला माणूस मेला, अप्पांनी त्याला माती दिली, आणि त्याचा जीव पत्र्याबरोबर पाहुणा म्हणून आपल्या घरी आला, असा तिचा सरळ हिशेब. दर सोमवारी विभूतीचे पट्टे, बेल आणि दिवा. त्याचं नाव तिनंच ठेवलं, जपानप्पा. गल्लीतल्या बायका त्याला नवस बोलायच्या, विशेषतः नवऱ्याच्या बदलीसाठी. कारण लांबच्या बदलीचा अनुभव ह्या देवाला स्वतःला होता.

पुढं अप्पांचा थोरला मुलगा बसलिंगप्पा शिकला आणि त्यानं बाहेर पाटी लावली, 'चनमल्लप्पा विमान संग्रहालय'. पत्र्याखाली चिठ्ठी आली, 'शत्रूच्या लढाऊ विमानाचा अवशेष'. शेजारी टेबलपंख्याचं एक पातं टांगलं, तत्त्व समजावं म्हणून. आणि दारावर लिहिलं, 'चपला घालून आत येण्यास हरकत नाही.' हे वाक्य विज्ञानाच्या नावानं लिहिलं होतं, पण रोख आत्यावर होता.

धाकटा गुरप्पा भांडला नाही. त्याचे मागच्या शेडमध्ये माग होते. पत्र्यावर एक लाल तिरपी रेघ आणि तिच्या टोकाला एक काळी खूण होती. ती त्यानं जशीच्या तशी चादरीत विणली आणि 'विमान छाप' म्हणून बाजारात आणली. आत्या म्हणाली, मढ्यावर धंदा. भाऊ म्हणाला, इतिहासाची विटंबना. गुरप्पा म्हणाला, "आन् तुमच्या देवाच्या दिव्याला तेल कुटनं येतंय?"

त्यातलीच एक चादर गिरणीच्या बंगल्यावर ओगिनोसाहेबाच्या पलंगावर अंथरलेली होती. गेल्या आठवड्यात तो ती हातात घेऊन गुरप्पाच्या दुकानात आला आणि म्हणाला, ही खूण कुठं मिळाली? लढाईत मी ब्रह्मदेशावर विमान उडवत होतो.

तेव्हापासून घरात कुणी नीट झोपलं नव्हतं.

"त्यो पत्रा मागनार," गुरप्पा शेडमधून येत म्हणाला.

"मागू दे. राष्ट्राची ठेव आहे ती," बसलिंगप्पा.

"माझा देव हाय. हात लावून बगू दे," गुरम्मा.

शरणम्मानं स्वयंपाकघरातून हे ऐकलं आणि तिच्या हातातली परात थांबली. ह्या घरात बसलिंगप्पाची बायको होऊन आल्यापासून ह्या तिघांचं एकमत झालेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिला ते चांगलं लक्षण वाटेना. चहाचा कप घेऊन ती मागच्या दारी गेली. कडुनिंबाखाली अप्पा बसले होते. शेजारी न्याहारीची भाकरी झाकलेली तशीच.

"अप्पा, आजपन न्हाय खाल्ली?"

अप्पा शेडकडे बघत राहिले. "शरणे, त्यो पत्रा मागू दे. खिळ्यासकट दीन. पन माणूस मागितला तर?"

तिला कळलं. आठ दिवसांपूर्वी जेवताना बसलिंगप्पा सहज बोलून गेला होता, की जपानी लोक प्रेतं जाळतात आणि अस्थी घरी नेतात. त्या घासापासून अप्पांचं जेवण तुटलं होतं. त्यांनी त्या वैमानिकाला पुरलं होतं, आणि तेही आपल्या रीतीनं. लिंगायताच्या घरी मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. मांडी घालून, कपाळाला विभूती लावून बसवतात.

"पलटण पुढं गेल्ती. मी, खेचरं आन् त्यो," अप्पा म्हणाले. "दुसरी रीत मला ठावंच नव्हती. वाटलं, माणसाला बसवायचं असतंय, बसवला. आता बसलिंग म्हनतोय त्यांची वाट येगळी. मी त्याला आपल्या वाटंला लावून दिलं की गं. तितं त्याच्या वळखीचं कोन असंल?"

 शरणम्मानं चहा त्यांच्या हाताशी सरकवला.

दारात टांगा थांबला.

उतरलेला माणूस लहानखुरा होता, पन्नाशी उलटलेला. पांढरा शर्ट, काखेत घडी घातलेली चादर. दारावरची परवानगी त्याला वाचता आली नाही हे गुरम्माचं नशीब. तिची नजर त्याच्या पायांवर. त्यानं बूट काढले, टाचा जुळवून, तोंडं रस्त्याकडं करून ठेवले.

गुरम्मानं भाच्याकडं पाहिलं.

"ते लोक कुठल्याही घरात काढतात, आत्या. पुस्तकात आहे."

"तुज्या पुस्तकात हाय, आन् पायात न्हाय व्हय?"

बसलिंगप्पानं स्वागताचं एक लांबलचक इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं. तो घसा साफ करेपर्यंत गुरम्मा सवयीनं म्हणाली, "बर्री, कूड्री." या, बसा.

"कूडतो की," पाहुणा म्हणाला.

ओगिनोसाहेब मराठी शिकला होता ते गिरणीच्या मागखात्यात, आठ महिने जॉबर, म्हणजे मुकादम लोकांच्या तोंडून. त्यामुळे त्याच्या बोलण्यात निम्मं मराठी, थोडं कानडी, चवीला तेलुगू, आणि काही शब्द बायकांसमोर न वापरायचे होते, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. बसलिंगप्पाचं इंग्रजी वाक्य त्या दिवशी तसंच राहिलं.

पण पाहुणा बसला नाही. त्याला पत्रा दिसला होता.

तो जवळ गेला. थांबला. आणि त्यानं मान डावीकडं कलती केली. मग आणखी. मग इतकी, की कान खांद्याला टेकतो की काय वाटावं. गुरम्माला वाटलं ही त्यांच्याकडची नमस्काराची रीत असावी; तिनं मान कलती केली. तिचं पाहून गुरप्पानं केली. खिडकीत गर्दी करून उभ्या राहिलेल्या गल्लीतल्या बायकांनीही केली. काही क्षण ते अख्खं संग्रहालय वाकड्या मानेनं उभं होतं.

"ह्ये उलटं हाय," ओगिनो हळूच म्हणाला.

पत्रा तसाच लटकत होता, तीस वर्षं. पत्र्याशेजारी बसलिंगप्पानं एक बाण काढून लिहिलं होतं, 'वरची बाजू'. ज्या हातानं तो काढला होता, तो हात त्यानं पाठीमागं नेला.

"म्हंजे माजी चादर…" गुरप्पा म्हणाला.

"ती पन उलटी. पन फिरवली की सुलटी." ओगिनोनं काखेतली चादर उघडली, पायाकडची बाजू डोक्याकडं केली. "मी असाच झोपतो."

दोघा भावांनी मिळून पत्रा उतरवला. त्यांनी एकत्र काही उचलल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. फिरवून परत टांगला. सकाळचे विभूतीचे पट्टे तळाशी गेले. गुरम्मानं मुकाट्यानं विभूती घेतली आणि वरच्या अंगाला नवे ओढले. देवाचं तोंड कळायला उशीर झाला होता, पण कळलं होतं.

आता ओगिनो त्या पत्र्यासमोर सरळ उभा राहिला. हात मांड्यांना चिकटलेले. खोलीत पंखा होता तो तत्त्वापुरताच, त्यामुळे कसलाही आवाज नव्हता. घाम त्याच्या कानशिलावरून उतरत होता आणि तो पुसत नव्हता.

"नागासे," तो म्हणाला.

शरणम्माला दारातून वाटलं, पत्रा आता उत्तर देईल.

"ह्ये नागासेचं. शेपटावर ज्याची त्याची खूण. त्यानं आपल्या हातानं रंगवली. हात वाकडा हुता त्याचा. बगा, हितं रेघ हालली."

सगळ्यांनी पाहिलं. लाल रेघ मध्यावर बारीकशी थरथरली होती. गुरप्पानं घाबरून ओगिनोच्या हातातल्या चादरीकडं पाहिलं. तिथंही थरथरली होती. गिऱ्हाइकं त्याला विणीतला दोष म्हणायची, भाव पाडून मागायची. पण पत्र्यावर हाय तसंच विणायचं, एवढा एक हट्ट गुरप्पानं धंद्यात धरला होता. एका मेलेल्या पोराच्या हाताचा कंप गेली कित्येक वर्षं सोलापूर पांघरून झोपत होतं.

"तुमी वळखत हुता त्याला?" अप्पांनी विचारलं. ते केव्हा आत येऊन उभे राहिले, कुणाला कळलं नव्हतं.

"एका गावचे. त्या दिवशी मी पन वर हुतो. त्याच्या बाजूला."

"म्हंजे आमच्यावर गोळ्या…"

"व्हय. मी पन."

खिडकीतल्या बायका मागं सरकल्या. गुरम्माचा विभूतीचा हात हवेत राहिला. इतकी वर्षं शत्रू म्हणजे एक चिठ्ठी होती. तो असा घामेजलेला, अनवाणी, आपल्या चटईवर उभा असेल, हे कुणी धरलं नव्हतं.

"आमचं एक खेचर मेलं," अप्पा शेवटी म्हणाले. "रत्नी."

ओगिनो कमरेतून वाकला. वाकला तो उठेचना. अप्पाच कानकोंडे झाले.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. लाथाडी हुती. रोज एक द्यायची मला."

तो उठला. "नागासे खाली गेला, मी परत फिरून बगितलं. ढग मिटले. खाली नुस्तं हिरवं. मग लढाई संपली." त्यानं अप्पांकडं पाहिलं. "अप्पा, त्यो कुटं हाय?"

आलाच तो प्रश्न. शरणम्मानं चौकट धरली.

"टेकडीवर हाय. वेळूच्या बनापल्याड."

"जाळला?"

"न्हाय." अप्पा म्हणाले. "पुरला. एकट्यानं. आन् आडवा न्हाय पुरला, साहेब. आमच्यात… कसं सांगू? दावतो."

अप्पा खाली बसले. गुडघे कुरकुरले. मांडी घातली, पाठ ताठ केली, डावा हात मांडीवर उताणा ठेवला. त्यांना ओल्या मातीचा तो वास आला, उरलेल्या खेचरांचं फुरफुरणं ऐकू आलं, आणि आपल्याहून लहान असलेल्या त्या पोराचं डोकं सारखं खांद्यावर कलतंय, ते आपण पुनःपुन्हा सरळ करतोय, तेही दिसलं.

"असा," ते डोळे मिटून म्हणाले. "अक्कानं दिलेली विभूती हुती, ती लावली. हातावर लिंग पायजे. कुटनं आणायचं? वढ्यातला एक गोल गोटा ठिवला. रिकाम्या हातानं कसा बसवायचा माणसाला? मला दुसरी रीत येत नव्हती, साहेब. तुमची मला ठावं नव्हती."

मग समोर चटई वाजली. अप्पांनी डोळे उघडले. ओगिनो त्यांच्यासमोर गुडघे मुडपून बसला होता.

"माझा आजा असाच बसलाय," तो म्हणाला.

"आँ?"

"शहरात जाळतात. आमचं गाव डोंगरात. तितं म्हाताऱ्यांना लाकडाच्या पिंपात बसवायचे. गोल पिंप. गुडघं मुडपून. मी पोर हुतो, बगितलं. माझा आजा बसलाय. नागासेचा आजा बसलाय. बाप पन बसलाय." तो बोटानं हवेत एकेकाची जागा दाखवत होता, जणू गावची पंगत. "सगळे बसल्यात. त्यो पन बसलाय."

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. पुस्तकात नसलेली गोष्ट ऐकून बसलिंगप्पाचं तोंड उघडं राहिलं होतं.

"म्हंजे," अप्पांनी जपून विचारलं, "तितं वळखीचे हायत त्याच्या?"

"लई," ओगिनो म्हणाला.

अप्पांनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग वळून म्हणाले, "शरणे, सकाळची भाकरी हाय का गं?"

ती आत पळाली. भाकरीपेक्षा डोळे पुसायला. परत आली तेव्हा नवरा तिला उंबऱ्याबाहेर दिसला. विज्ञानशिक्षक बसलिंगप्पा वाकून चपला काढत होता, कुणाचं लक्ष नाही अशा बेतानं. गुरम्माचं लक्ष होतं. तिनं टोमणा तोंडाशी आणला आणि गिळला. तिच्या आयुष्यातला तो बहुधा पहिलाच.

त्याऐवजी ती पाहुण्याला म्हणाली, "नेताय व्हय ह्याला?"

"नागासेची थोरली बहीण हाय गावाकडं," ओगिनो म्हणाला. "रोज जेवताना त्याचं ताट वाढते. भाताची वाटी. लांब गेलाय म्हणून. अजून."

लढाईची सगळी वर्षं ह्याच घरात गुरम्माही चन्नूची, म्हणजे अप्पांची, भाकरी बाजूला काढायची आणि संध्याकाळी गाईला घालायची. तिचा परत आला होता. समोर बसून खात होता.

"बसलिंग, उतरव पत्रा."

"आत्या! आणि गद्दुगी?"

"उतरव म्हनते न्हवं. भनीचा हाय त्यो."

"नको," ओगिनोनं दोन्ही हात हलवले. "पत्रा गार असतो. ती म्हातारी हाय. ही नेतो." आणि त्यानं चादर छातीशी धरली. "पांघरंल."

एकीनं देव केला होता, एकानं इतिहास. आणि पाहुणा पसंत करून चालला होता बाजारातला माल. गुरप्पा तरातरा शेडमध्ये गेला आणि मागावरून उतरलेली नवी कोरी चादर घेऊन आला. पैशाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. गल्लीतल्या बायका पुढं कित्येक महिने नवसापेक्षा ह्याच चमत्काराबद्दल बोलत होत्या.

अप्पा शेंगाचटणीशी भाकरी खात होते. गुरम्मा त्यांच्याकडं बघत राहिली.

"चन्नू, त्याला बसवलास, तवा खायला काय ठिवलंस जवळ?"

"काय असनार तितं?" अप्पा भरल्या तोंडानं म्हणाले. "तू धाडलेली ही चटणीच की. निम्मा डबा हुता. त्योच ठिवला."

"मला तर कळवलं हुतंस, संपली, आणिक धाड."

"मग? संपलीच की."

गुरम्मा उठली. स्वयंपाकघरात डबे आपटल्याचे आवाज आले. ओगिनो दारात बूट घालून, चादर काखेत घेऊन टांग्यात चढायला निघाला, तशी ती फडक्यात बांधलेला डबा घेऊन बाहेर आली.

"ही त्याच्या भनीला द्या. म्हनावं, त्याच्या ताटात भाताशेजारी वाढत जा. उगं चिमूटभर न्हाय, चांगली."

ओगिनोनं गिरणीत ही चटणी एकदा खाल्ली होती. त्यानं काळजीनं डब्याकडं पाहिलं. "लई तिखट हाय, अम्मा."

"हाय की," गुरम्मा म्हणाली. "पन तीस वर्षं झाली. आता सवय झाली असंल त्याला."